संगणकाची प्रयोगशाळा आणि उसाचा फड

प्रयोगशाळा हा शब्द आता शेतकऱ्यास अपरिचित राहिलेला नाही. मातीचा नमुना तेथे जातो, काही दिवसांनी पत्रिका हाती येते आणि तीवरून खताची मात्रा ठरविता येते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु जेथे माती नाही, बियाणे नाही, काचेची नळी नाही, केवळ संगणक आणि त्यांपुढे बसलेले गणिती व अभियंते आहेत, अशाही प्रयोगशाळा आहेत. आणि त्यांपैकी काहींचे लक्ष गेल्या वीस वर्षांत आपल्या शिवाराकडे वळले आहे. कन्नड तालुक्यातील एका गावी अद्रक उत्पादकांच्या सभेत हा विषय निघाला, तेव्हा मागे बसलेल्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याने विचारले, "साहेब, त्या कंपन्यांना आमच्या शेताचं एवढं काय पडलंय? आणि त्यांचं यंत्र चुकलं तर भरून कोण देणार?" दोन्ही प्रश्न रास्त होते. त्या वेळी मी दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख हे त्याच उत्तराचे सविस्तर रूप समजावे.

संगणक बनविणाऱ्या व त्यांची सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्या आपल्या उत्पन्नाचा काही भाग अशा संशोधनावर खर्च करतात की ज्याचे फळ पाच-दहा वर्षांनी मिळेल, अथवा मिळणारही नाही. आपल्या राज्यात असे पहिले महत्त्वाचे पाऊल १९८१ साली पुण्यास पडले. टाटा उद्योगसमूहाने तेथे टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र स्थापन केले. या केंद्राचा मुख्य विषय सॉफ्टवेअर हाच होता. तथापि तेथील संशोधकांनी भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याची युक्तीही विकसित केली आणि तिच्या आधारे २००९ साली 'टाटा स्वच्छ' हे घरगुती जलशुद्धीकरण यंत्र बाजारात आले. भात गिरणीच्या मागे ढीग लागून राहणाऱ्या तुसाचा असा उपयोग संगणकाच्या माणसांना सुचावा, ही मौजेची गोष्ट आहे. पुढे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या त्याच समूहातील कंपनीच्या मुंबईच्या प्रयोगशाळेने 'एम-कृषी' ही योजना तयार केली. शेतकऱ्याने मोबाईलवर आपल्याच आवाजात प्रश्न विचारावा, रोगट पानाचे छायाचित्र पाठवावे, आणि दूरच्या तज्ज्ञाने ते पाहून शेतकऱ्याच्या भाषेत उत्तर द्यावे, असे तिचे स्वरूप होते. २००८ साली अमेरिकेतील 'वॉल स्ट्रीट जर्नल' या वृत्तपत्राने तिला बिनतारी तंत्रज्ञानाच्या विभागात पारितोषिक दिले. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर याच धर्तीवर मच्छीमारांना मासळी सापडण्याचा संभव असलेली क्षेत्रे कळविण्याचे कामही करण्यात आले.

परंतु कार्यकर्त्यांनी बारकाईने अभ्यासावा असा प्रयोग झाला तो याहून साधा होता, आणि तो उसाच्या पट्ट्यात झाला.

वारणेचा प्रयोग

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथील सहकारी साखर कारखाना व त्याचे संस्थापक तात्यासाहेब कोरे यांचे नाव ऊस उत्पादकांस सांगावयास नको. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून तेथील सुमारे सत्तर गावांसाठी एक महत्त्वाकांक्षी योजना हाती घेतली. गावोगावी संगणक केंद्रे उघडावयाची आणि ती कारखान्याशी जोडावयाची. शेतकऱ्यास तेथे पीकसल्ला मिळेल, बाजारभाव कळतील, सरकारी कागदपत्रांची माहिती होईल, मुलांना संगणकाचे शिक्षण मिळेल, अशी अपेक्षा त्या वेळी बाळगण्यात आली होती. देशभर या योजनेचा गौरव झाला.

२००५ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्ट कंपनीने बंगळुरू येथे आपली भारतातील संशोधन प्रयोगशाळा उघडली. खेड्यांतील व गरीब वस्त्यांतील लोकांना संगणकाचा काय उपयोग होऊ शकेल, हे पाहणारा एक गट केंटारो टोयामा या संशोधकाने तेथे उभा केला. या गटातील मंडळी वारणेस आली. त्यांनी प्रथम कोणतेही नवे यंत्र आणले नाही. गावातील केंद्रांवर प्रत्यक्षात काय चालते, हेच त्यांनी पाहिले, मोजले आणि लिहून घेतले. हा क्रम विस्तारकार्य करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

त्यांना आढळले ते असे. सात-आठ वर्षांपूर्वी कल्पिलेल्या अनेक उपयोगांपैकी जवळजवळ एकच टिकून राहिला होता, तो म्हणजे उसाचा हिशेब. लागणीची नोंद झाली की नाही, तोडणीचा परवाना केव्हा निघणार, फडातून गेलेल्या मालाचे वजन किती भरले, खताची उचल किती झाली आणि बिलापोटी किती रक्कम निघते, एवढ्यासाठी शेतकरी केंद्रावर येत असे. हे त्याच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हते. ज्याने बारा ते अठरा महिने ऊस सांभाळला आहे, त्याला तोडीची तारीख आणि काट्यावरचे वजन यांवाचून दुसरी कोणती माहिती अधिक मोलाची वाटणार? तोड लांबली की वजन घटते, उतारा घटतो, आणि पुढच्या पिकाची वेळही हातची जाते. इकडे संगणक मात्र जुने होत चालले होते. त्यांची देखभाल, त्यांना लागणारी वीज आणि कारखान्याशी जोडणी यांचा खर्च दरसाल करावा लागत होता.

येथे संशोधकांनी जो विचार केला तो साधा परंतु मार्मिक होता. शेतकऱ्याचा प्रश्न लहान आहे आणि त्याचे उत्तरही लहान आहे: एखादी तारीख, एखादा आकडा, फार तर दोन आकडे. असे उत्तर देण्यास टेबलावरचा मोठा संगणक कशास हवा? मोबाईलवरील एसएमएस या लघुसंदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात; तेवढ्यात वजन व बाकी रक्कम सहज बसते. म्हणून त्यांनी कारखान्यात एकच संगणक ठेवला आणि त्याला एक मोबाईल जोडला. गावातून ठराविक नमुन्याचा संदेश आला की तो संगणक कारखान्याच्या नोंदी पाही आणि उत्तराचा संदेश परत पाठवी. गावातील संगणकाची जागा स्वस्त मोबाईलने घेतली.

सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. संगणकावर होणारी सर्व कामे मोबाईलवर होऊ शकली. खर्च कमी आला. आणि शेतकऱ्यांना नवी पद्धत अधिक सोयीची वाटली, त्यांनी ती अधिक पसंत केली. सर्व गावांत ही पद्धत लागू केल्यास दरसाल सुमारे दहा लाख रुपयांची बचत होऊ शकेल, असा अंदाज राजेश वीरराघवन, नागा यशोधर व टोयामा या संशोधकांनी मांडला. २००७ साली बंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी आपला निबंध सादर केला. प्रयोगाचे नाव त्यांनी गमतीने 'वारणा अनवायर्ड', म्हणजे 'तारांवाचूनची वारणा', असे ठेवले होते.

आता या यशाचे श्रेय कोणाचे? मोबाईलचे निश्चितच, पण अर्धे. वारणेस लागणीची नोंद गटवार होत होती. काट्यावरील प्रत्येक गाडीचे वजन सभासदाच्या नावावर चढत होते. खताचा हिशेब ठेवणारे कारकून होते, गावोगाव फिरणारे कारखान्याचे शेती कर्मचारी होते आणि केंद्रावर बसणारा चालक गावच्या ओळखीचा होता. मोबाईल आला तो या सर्वांच्या शेवटी. आडात होते म्हणून पोहऱ्यात आले. जेथे नोंदच झालेली नाही अशा ठिकाणी तोच मोबाईल, तेच सॉफ्टवेअर आणि तेच अभियंते नेऊन बसविले असते, तर शेतकऱ्याच्या हाती कोरा संदेश आला असता.

टोयामा यांनी पुढे २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हाच विचार विस्ताराने मांडला आहे. तंत्रज्ञान हे माणसांची असलेली शक्ती व इच्छा वाढविते; नसलेली शक्ती ते निर्माण करीत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्याकडील उदाहरण द्यावयाचे तर, विहिरीवर तीन अश्वशक्तीचा पंप काढून साडेसातचा बसविला म्हणून झऱ्याचे पाणी वाढत नाही. एका मोठ्या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाने असे लिहावे, याला विशेष महत्त्व आहे.

पडद्यावर शेजारचा शेतकरी

याच प्रयोगशाळेत २००६ साली दुसरे एक काम सुरू झाले, ते तर थेट आपल्या खात्याच्या कामाविषयीचे होते. रिकिन गांधी या तरुण अभियंत्याने असा प्रश्न घेतला की, विस्तार कार्यकर्त्याचे सांगणे शेतकऱ्याला पटण्यास काय लागते? कर्नाटकातील काही खेड्यांत त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी गावच्याच शेतकऱ्याकडून एखादी सुधारित कृती करवून घेऊन तिचे चित्रण केले. संध्याकाळी आसपासच्या वस्तीत थोड्या शेतकऱ्यांना जमवून ते दाखवावयाचे, मध्येच थांबवावयाचे, प्रश्न विचारावयाचे, आणि पुढच्या भेटीत कोणी काय केले याची नोंद घ्यावयाची, असा त्यांचा क्रम होता.

सोळा गावांत याची तुलना जुन्या 'प्रशिक्षण व भेट' पद्धतीशी करण्यात आली. त्यात काही सुधारित पद्धतींचा स्वीकार सुमारे सात पटींनी अधिक झाल्याचे, आणि प्रत्येक स्वीकारामागे होणारा खर्च पाहता ही पद्धत दहा पट अधिक परिणामकारक ठरल्याचे संशोधकांनी नोंदविले. २००८ पासून हे काम 'डिजिटल ग्रीन' या नावाच्या स्वतंत्र, ना-नफा संस्थेमार्फत चालू झाले.

यात नवल काय, असे जुने कार्यकर्ते म्हणतील. पडदा लावून शेतीचे चित्रपट आपणही दाखविले आहेत. फरक दोन गोष्टींत आहे. पडद्यावर दिसणारा माणूस कोणी कलावंत अथवा अधिकारी नव्हता. तो त्याच पंचक्रोशीतील, त्याच ऐपतीचा, त्याच बोलीत बोलणारा शेतकरी होता. "त्याला जमलं तर मला का जमू नये" हा विचार पाहणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राही. दुसरे असे की, चित्रण दाखविणारा माणूस समोर हजर होता. केवळ चित्रफीत वाटून काम भागत नाही, लोकांची जोड हाच पद्धतीचा प्राण आहे, असे या संशोधकांनी स्वतःच बजावून ठेवले आहे. आज मोबाईलवर शेतीच्या चित्रफितींचा पूर लोटला आहे. त्यांतील किती कृती शेतात उतरतात याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

पोंग्यातील अळी

यंत्र चुकले तर काय, या त्या वृद्ध शेतकऱ्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आता वळू. एक अनुभव सांगतो. आमच्या तालुक्यात मका मोठ्या प्रमाणावर होतो. एका तरुण शेतकऱ्याने मक्याच्या पानावर फिकट पट्टे व ठिपके पाहून मोबाईलवरील एका अॅपला छायाचित्र दाखविले. अॅपने जस्ताची कमतरता असल्याचे सांगितले, आणि त्याने फवारणीसाठी झिंक आणलेही. सुदैवाने मी त्याच दिवशी त्या शिवारात होतो. तो म्हणाला, "साहेब, मोबाईल तर झिंक म्हणतोय." मी म्हटले, "दादा, आधी पोंगा उघडून बघू." पोंगा उघडताच ओल्या भुशासारखी विष्ठा दिसली आणि खाली अळी सापडली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके: अमेरिकन लष्करी अळी. मे २०१८ मध्ये ती कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी आपल्या राज्यातही आली. आणखी आठवडा गेला असता तर झिंक वाया जाऊन अळी मोठी झाली असती, आणि मोठ्या अळीवर औषधाचा परिणाम फारसा होत नाही. पीक लहान होते, प्रादुर्भाव थोडा होता. सायंकाळी थेट पोंग्यात पाच टक्के निंबोळी अर्क देऊन काम भागले.

अॅप खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. त्याला वरच्या पानाचे चित्र दाखविले, त्याने वरच्या पानावरून उत्तर दिले. संगणकाला शिकविताना हजारो छायाचित्रे दाखवितात. त्या प्रत्येकाखाली "हा अमुक रोग" असे जाणत्या माणसाने लिहिलेले असते, आणि त्या ओळखीवरून तो नव्या चित्राविषयी अनुमान करतो. जे चित्रात नाही ते त्याच्या अनुमानात येणे शक्य नाही. पोंग्यात हात घालून पाहावयाचे असते हे त्या तरुणास कोणी तरी शिकविलेले असावयास हवे होते, आणि ते शिकविणे आमचे काम होते.

भरपाईचे म्हणाल तर उत्तर कटू आहे. बहुतेक अॅपच्या अटींत सल्ला केवळ मार्गदर्शनासाठी असून निर्णयाची जबाबदारी वापरणाऱ्याची राहील, असे लिहिलेले असते. म्हणून खर्चाची फवारणी सुचविली गेल्यास ती करण्यापूर्वी शेतात जाऊन खात्री करणारा माणूस अद्याप आवश्यक आहे. संगणकामुळे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम संपेल अशी धास्ती काही सहकारी बोलून दाखवितात. मला तशी धास्ती वाटत नाही. काम वाढेल असेच वाटते.

बारामतीचा ऊस

सध्या ज्याची सर्वत्र चर्चा आहे तो प्रयोगही उसाचाच आहे. बारामती येथील अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्रात ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने २०२४ पासून उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालू आहेत. त्यामागील तंत्र रणवीर चंद्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे विकसित केले. २०२२ साली त्याचा काही भाग सर्वांना विनामूल्य वापरण्यासाठी खुला करण्यात आला. जमिनीत ओलावा मोजणारी उपकरणे, शेतावरील हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रे यांचा मेळ घालून कोणत्या भागास पाणी द्यावे, कोठे खत कमी पडते, कोठे रोगाचा संशय आहे, हे मराठीतून मोबाईलवर कळवावयाचे, अशी ही रचना आहे. उपकरण शेतात सर्वत्र पुरणे परवडत नाही. म्हणून थोड्या ठिकाणी मोजावयाचे आणि मधल्या जागेचे अनुमान उपग्रहाच्या चित्रावरून करावयाचे, ही त्यातील मुख्य क्लृप्ती होय. राज्य शासनानेही जून २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी पाचशे कोटी रुपयांची तरतूद केली, आणि त्याच वर्षी कृषी विभागाचे 'महाविस्तार' हे अॅप आले.

या उसाच्या उत्पादनाचे मोठमोठे आकडे कानावर येतात. ते खोटे आहेत असे नाही. परंतु ठिबक, उत्तम बेणे, रोपांची लागण आणि तज्ज्ञांची रोजची देखरेख ज्या प्लॉटवर आहे, तेथील वाढीपैकी संगणकाचा वाटा किती, हे शेजारी तसाच प्लॉट संगणकावाचून ठेवल्याशिवाय कळत नाही. शिवारफेरीस जाणाऱ्यांनी हा तुलनेचा प्लॉट अवश्य पाहण्यास मागावा, आणि उपकरणाची किंमत, त्याची दुरुस्ती कोण करतो व किती दिवसांत करतो, हेही विचारावे.

राहिला पहिला प्रश्न: कंपन्यांना आमच्या शेताचे काय पडले आहे? काही संशोधकांना कठीण प्रश्नाची ओढ असते, हे खरे आहे. कंपनीला उद्याचे गिऱ्हाईक हवे असते, हेही खरे आहे. आणि तिसरे असे की, शेताची माहिती हीच आता मालासारखी मोलाची झाली आहे. गट क्रमांक, शेताची हद्द, मोबाईल क्रमांक, विक्रीची पावती हे सर्व एकत्र आले की त्याला किंमत येते. २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती कशासाठी घेतली जाते हे सांगणारी सूचना मराठीतून मिळण्याची तरतूद आहे. कोणीही गावात नोंदणीसाठी आला तर कार्यकर्त्याने प्रथम तो मराठी कागद मागावा आणि सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. नंतरच अंगठा अथवा ओटीपी द्यावा.

कन्नड तालुक्यात अशा प्रयोगासाठी आपण काय तयारी करू शकतो? वारणेच्या उदाहरणावरून मला एकच गोष्ट सुचते, आणि तिला शंभर पानी वहीपलीकडे खर्च नाही. शिवना-टाकळीच्या लाभक्षेत्रात असो वा विहिरीवर असो, प्रत्येक ऊस उत्पादकाने लागणीच्या दिवसापासून वही घालावी. गट क्रमांक, क्षेत्र, लागणीची तारीख, वाण, बेणे कोठून आणले, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या, तोडणीची तारीख आणि काट्यावरचे वजन हे रकाने पुरेत. वजनाची पावती त्याच पानाला टाचावी. अद्रकासाठी बेणेप्रक्रियेची तारीख आणि कंदकूज प्रथम कोठे व केव्हा दिसली, हे दोन रकाने वाढवावेत. आमच्या सभेतील त्या वृद्ध शेतकऱ्याने नातवाकडून अशी वही लिहविण्यास आरंभ केला आहे. पहिल्या पानावर त्याने मागील तीन वर्षांचे उसाचे वजन आठवणीने लिहविले, आणि त्यातील एका वर्षाचा आकडा पावतीशी ताडून पाहता दोन टनांनी चुकलेला निघाला.